अकरा जणींचं मंडळ

संयोजकांनी आम्हाला ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रावर बोलायला सांगितलं होतं. ते आपण पुढच्या खेपेला घेऊ. आजचा विषय मध्येच घुसला, आणि आम्ही त्याला घुसू दिलं.

झालं असं की गेल्या महिन्यात अंबड तालुक्यातल्या एका महाविद्यालयाच्या दोन मुली आमच्या घरी आल्या. दोघी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला. एकीच्या हातात खाकी कव्हर घातलेली वही होती. त्यांनी गेल्या वर्षी कॉलेजात विद्यार्थिनींचं एक मंडळ नव्याने सुरू केलं. पहिल्या बैठकीला चाळीस मुली होत्या, वर्ग भरला होता, प्राचार्यांनी फोटो काढला. यंदा जुलैपासून वहीत अकरा नावं. पहिलीने विचारलं, "पोरी येईनात सर. बंद करावं का आता?" दुसरी काहीच बोलली नाही, ती वही मांडीवर धरून बसली होती.

आम्ही सवयीप्रमाणे उत्तराऐवजी प्रश्न विचारला. म्हटलं, उरलेल्या एकोणतीस जणी कुठे गेल्या ते सांगता येईल का? आम्हाला वाटलं होतं, सांगता येणार नाही. पण वहीवाल्या मुलीने एकेक नाव घेऊन सांगायला सुरुवात केली. ही पास होऊन गेली. हिचं लग्न झालं. हिचंही. ही आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली, धाकट्या भावंडांना कोण बघणार म्हणून, ती उन्हाळ्यात येईल, आली तर. हिला दुपारची बस धरावी लागते, ती चुकली तर संध्याकाळपर्यंत गाडी नाही. ह्या दोघी स्पर्धा परीक्षेसाठी संभाजीनगरला गेल्या. आणि ह्या सात-आठ जणी, ती जरा थांबून म्हणाली, "ह्या कंटाळल्या सर. नुसती भाषणं असायची." त्या भाषणांत एक आमचंही होतं. आम्ही विषय पुढे नेला.

आता बघा, ही यादी नीट ऐकली तर 'सदस्यसंख्या घटली' असं एकच वाक्य म्हणता येत नाही. पास होऊन जाणं हे मंडळाचं अपयश नव्हे, कॉलेजचं यश आहे. बस चुकणं हा एसटीच्या वेळापत्रकाचा प्रश्न. महिलांना अर्धं तिकीट 17 मार्च 2023 पासून लागतं, चांगलीच गोष्ट आहे, पण गाडीच नसली तर अर्धं तिकीट घेऊन करायचं काय? कंटाळणं तेवढं मंडळाच्या पदरात टाकता येतं. आणि लग्न? त्याच्याकडे आम्ही नंतर येतो, कारण खरा मुद्दा तिथे आहे.

आधी थोडं तत्त्वज्ञान. पेन्शन त्याचीच मिळते, तेव्हा करावं लागतं.

ग्रीकांकडे एक कोडं होतं, युबुलिडीझ नावाच्या तत्त्वज्ञाच्या नावावर ते सांगतात. आपण ते ज्वारीवर बसवू. खळ्यात रास पडली आहे. एक दाणा उचलला, रास राहिली का? राहिली. आणखी एक उचलला? राहिली. असं करत करत एकच दाणा उरला, आता ती रास आहे का? नाही. मग नेमकी कोणत्या दाण्याला ती रास असायची थांबली? अडीच हजार वर्षं होत आली, उत्तरावर एकमत नाही. त्या मुली आम्हाला हेच कोडं घालत होत्या. चाळीसचं मंडळ होतं, अकराचं आहे का?

आमचं म्हणणं असं की राशीचं कोडं मंडळाला लागूच पडत नाही. राशीतल्या दाण्यांचं एकमेकांशी काही नातं नसतं. मंडळ बनतं ते नात्यांनी, आणि नाती मोजायची रीत वेगळी आहे. चाळीस जणींमध्ये दोघी-दोघींच्या जोड्या होतात 780. अकरा जणींमध्ये होतात 55. आम्ही वहीवालीला विचारलं, गेल्या वर्षीच्या त्या 780 पैकी किती जोड्या एकमेकींच्या घरचं जाणत होत्या? ती हसली. "सर, निम्म्या जणींची नावंसुद्धा माहीत नव्हती." आणि आताच्या 55? म्हणाली, सगळ्या. कोणाच्या आईचं बीपी वाढलंय, कोणाचा भाऊ दारू पितो, सगळं ठाऊक आहे. म्हणजे फोटोतलं मंडळ घटलं, नात्यांचं मंडळ कदाचित वाढलं असेल.

मॅन्कर ऑल्सन नावाचा अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ होता. त्याने 1965 साली सामूहिक कृतीच्या तर्कशास्त्रावर एक पुस्तक लिहिलं, राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ते वाचावं लागतं. त्याचा एक मुद्दा गावात कोणालाही पटेल असा आहे. मोठ्या गटात प्रत्येकाला वाटतं, आपण नाही गेलो तर काय बिघडतं. लहान गटात न येणारा माणूस दिसतो. अकरा जणींत एक आली नाही तर दुसऱ्या दिवशी कोणीतरी विचारतं, काल का नाही आलीस गं? चाळीसच्या गटात हे कोणी विचारत नाही. मोठे गट टिकतात ते बहुधा बक्षिसावर किंवा सक्तीवर. कॉलेजात दोन्हीची रूपं आपण पाहतोच, हजेरी आणि प्रमाणपत्र. चाळीस जणींपैकी किती जणी प्रमाणपत्रासाठी आल्या होत्या, हे आम्ही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

दुसरं कोडंही ग्रीकांचंच. थिसियसचं जहाज. सडेल ती फळी बदलायची, असं करत सगळ्या फळ्या बदलल्या, जहाज तेच का? कॉलेजातलं मंडळ हे अगदी असं जहाज आहे, फरक एवढाच की इथे फळ्या सडायची वाट पाहावी लागत नाही, विद्यापीठ परीक्षा घेऊन दर उन्हाळ्यात एक तृतीयांश फळ्या काढून नेतं. तीन वर्षांत जुनं काही उरत नाही. गावातलं महिला मंडळ वीस वर्षं त्याच बायकांवर चालतं. कॉलेजातलं मंडळ जन्मतःच गळतं असतं. म्हणून त्याच्याबद्दल 'सदस्य किती' याआधी 'पुढच्या वर्षी वही कोणाच्या हातात' हे विचारावं. या मुलींच्या अकरांपैकी पहिल्या वर्षाच्या होत्या दोन. आम्हाला अकराची नाही, या दोनाची काळजी वाटली, आणि तसं आम्ही त्यांना स्पष्ट सांगितलं. तिसऱ्या वर्षाच्या मुलीने अध्यक्ष व्हायचं आणि मार्चमध्ये परीक्षेला निघून जायचं, ही पद्धत बंद करा. सूत्रं दुसऱ्या वर्षाच्या मुलीकडे हवीत, म्हणजे तिला शिकवायला एक वर्ष मिळतं.

हे आम्ही पुस्तकातून सांगत नव्हतो. आमचाच एक जुना अपराध आहे, तो इथे कबूल करून टाकतो.

1 मे 1981 ला जालना जिल्हा झाला, त्याआधी आपण औरंगाबादेत मोडत होतो. त्यानंतर दोनेक वर्षांनी आम्ही ज्या महाविद्यालयात होतो तिथे विद्यार्थिनींचं मंडळ काढायचं ठरलं. कॉलेजचं नाव सांगत नाही, त्याचा दोष नाही. त्या वेळी आमच्याकडे बाई प्राध्यापक एकही नव्हत्या, म्हणून मंडळाची जबाबदारी एका पुरुषाकडे, म्हणजे आमच्याकडे आली. मुलींनी मंडळ चालवायचं, आणि सर सांगतील तेव्हा बैठक, सर सांगतील तो विषय. आम्ही उत्साही होतो. वर्षभरात सात-आठ कार्यक्रम केले, हळदीकुंकवाला विधवा विद्यार्थिनीलाही बोलावलं, त्यावर गावात थोडी कुजबुजही झाली, आणि आम्हाला स्वतःचं फार कौतुक वाटलं. तीन वर्षांनी आम्ही पीएच.डी.साठी रजा घेतली. परत आलो तेव्हा मंडळ नव्हतं. कोणी बंद केलं नव्हतं, कोणी विरोध केला नव्हता. वही आमच्या टेबलाच्या खणात होती आणि खणाची किल्ली आमच्या खिशात. मुलींना ती मागावीशी वाटली नाही, कारण ती आपली आहे असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

हे आठवलं म्हणूनच त्या मुलीच्या मांडीवरची खाकी वही बघून आम्हाला बरं वाटलं.

इतिहासात याच्या उलटं उदाहरण आहे. पंडिता रमाबाई 1882 साली पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज काढला. त्याच वर्षी हंटर आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. आणि पुढच्याच वर्षी, 1883 मध्ये, त्या इंग्लंडला गेल्या. विचार करा, संस्था एका वर्षाची, आणि जिच्या नावावर लोक येत होते तीच बाई समुद्रापलीकडे. त्यात तिथे जाऊन त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, म्हणजे पुण्यात काय वादळ उठलं असेल! आमच्या मंडळासारखं तेही खणात पडायला हवं होतं. पण तिथे रमाबाई रानडे होत्या. न्यायमूर्तींच्या पत्नी, लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या, घरातल्या वडीलधाऱ्या बायकांची बोलणी खात सभेला जाणाऱ्या. त्यांच्या आठवणींचं पुस्तक 1910 साली आलं, मुलींनी ते जरूर वाचावं. त्यात कळतं की सभेला जाणं ही त्या काळी केवढी मोठी गोष्ट होती, आणि विरोध बाहेरच्या पुरुषांपेक्षा माजघरातून किती व्हायचा. त्या मंडळींनी काम पुढे नेलं. आणि 1909 मध्ये त्याच रमाबाई रानडे पुणे सेवासदनाच्या उभारणीत पुढे होत्या. सभेला जायला शिकलेली बाई सत्तावीस वर्षांनी संस्था उभी करते. त्या पहिल्या सभांना किती बायका होत्या, हे मोजून काय कळलं असतं?

महर्षी कर्वे यांचंही तसंच. 1916 साली महिला विद्यापीठ सुरू केलं तेव्हा विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या. लोक हसले असणार, विद्यापीठ म्हणे! ठाकरसींची पंधरा लाखांची देणगी आली ती 1920 मध्ये. मधली चार वर्षं अण्णा वर्गणीची वही घेऊन हिंडत होते.

आता थोडं परदेशात जाऊन येऊ, कारण हल्ली मुली मोबाईलवर अमेरिकन मालिका बघतात आणि त्यात 'सोरॉरिटी' दिसते. कॉलेजातल्या मुलींची संघटना, एकत्र राहणं, ग्रीक अक्षरांची नावं. हा शब्द सिराक्यूजमध्ये एका संघटनेसाठी वापरात आला. लॅटिनमध्ये 'सोरोर' म्हणजे बहीण, आणि संस्कृतमधला 'स्वसृ' हा त्याचाच सख्खा नातेवाईक. म्हणजे भगिनी मंडळच. 1870 साली इंडियानातल्या एका कॉलेजात चार मुलींनी कप्पा अल्फा थीटा काढली. मुलींना त्या कॉलेजात प्रवेश मिळून तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. मुलांच्या संघटनेने त्यांच्यातल्या एकीला आमचा बिल्ला लाव म्हटलं, पण सदस्य करून घेणार नाही म्हटलं, आणि त्यावरून सगळं सुरू झालं, असं सांगतात. चार मुली!

पण आमचं मन जास्त रमतं ते 1913 च्या गोष्टीत. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थिनींची एक संघटना 1908 पासून होतीच. त्यातल्या 22 जणींना वाटलं की नुसते समारंभ नकोत, समाजात काही करू. त्या बाहेर पडल्या आणि डेल्टा सिग्मा थीटा काढली. त्याच वर्षी 3 मार्चला त्या स्त्रियांच्या मताधिकारासाठीच्या मोर्चात चालल्या. बावीस जणी, नवी संघटना, दोन महिनेही झाले नव्हते.

एक सांगायला हवं. या अमेरिकन संघटनांचं सगळंच घेण्यासारखं नाही. कोणाला घ्यायचं आणि कोणाला नाही हे ठरवण्यात त्यांची बरीच शक्ती गेली. गोऱ्या मुलींच्या संघटनांत काळ्या मुलींना दार बंद होतं, म्हणून तर हॉवर्डमध्ये वेगळं घर बांधावं लागलं. इथे आपली परंपरा उजवी आहे. सावित्रीबाईंनी 1852 साली पुण्यात महिला सेवा मंडळ काढलं आणि संक्रांतीच्या तिळगुळाला सगळ्या जातींच्या बायकांना बोलावलं, ते एकाच जाजमावर बसायचं या अटीवर. ते जाजम आपल्या कॉलेजात आजही पूर्ण अंथरलं गेलंय का, हे प्रत्येक मंडळाने वहीत डोकावून पाहावं. अकराच्या अकरा नावं एकाच आळीतली असतील तर संख्या हा तुमचा पहिला प्रश्न नव्हे.

आता लग्नाकडे येतो. 2011 च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात स्त्री-साक्षरता होती साधारण 61 टक्के. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 21 मध्ये, जिल्ह्यातल्या विशीतल्या तरुण स्त्रियांमध्ये साधारण तिघींत एकीचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. म्हणजे बी. ए.च्या वर्गात बसलेली मुलगी ही बऱ्याच जणी मागे राहिल्यावर तिथे पोचलेली असते. कायदा तिला अठरापर्यंत सांभाळतो. बालविवाह प्रतिबंधक कायदा 2006 चा आहे, 1098 हा नंबर आहे, ग्रामसेवकाला अधिकार आहेत. पण अठरा पूर्ण झाली की दुसऱ्या दिवशी? तेव्हा ती बी. ए.च्या पहिल्या वर्षाला असते. तिचं लग्न ठरवणं कायदेशीर आहे, आणि मुलीची मर्जी विचारली असं म्हणायला सगळे मोकळे. अठरा ते एकवीस ही पदवीची तीन वर्षं कायद्याच्या कुंपणाबाहेर पडतात. तिथे पोलीस येऊ शकत नाहीत. मैत्रिणी येऊ शकतात.

आणि या अकरा जणी तसं करून बसल्या होत्या, फक्त त्यांना ते मंडळाचं काम वाटलं नव्हतं म्हणून त्यांनी सांगितलंच नाही! चहा पिता पिता सहज विषय निघाला. त्यांच्यातली एक, एकोणीस वर्षांची, दोन आठवडे आली नाही. अकरा जणींत ते लगेच दिसलं. चौकशी केली तर पाहुणे येऊन गेलेले, तारीख काढायची होती, परीक्षा बुडणार होती. चौघी तिच्या गावी गेल्या. कशाला आलात म्हणून कोणी विचारलं तर? संक्रांतीचे दिवस होते, वाण घेऊन गेल्या. भांडल्या नाहीत. तिच्या आईपाशी चुलीजवळ बसल्या, एवढंच म्हणाल्या की काकू, दीड वर्ष राहिलंय, डिग्री हातात आली की आम्हीच मांडवात नाचायला येऊ. एकदा नाही, तीनदा गेल्या. तिसऱ्या खेपेला वडील बोलले. लग्न मोडलं नाही, पुढे ढकललं, डिग्रीपर्यंत. पुढे काय होईल ते आम्हाला ठाऊक नाही. पण त्या सत्राची परीक्षा तिने दिली. ती कोण, तर आमच्या घरी वही धरून बसलेली, तीच.

आम्ही थोडा वेळ काही बोललो नाही.

बुद्धाची एक गोष्ट तुम्हाला माहीत असेल. आनंद म्हणाला, चांगले मित्र मिळणं म्हणजे निम्मा धम्म साधला. बुद्धाने त्याला दुरुस्त केलं, निम्मा नाही, सगळाच. पाली वाङ्मयात याला कल्याणमित्रता म्हणतात. ॲरिस्टॉटलनेही नीतिशास्त्राची दोन आख्खी प्रकरणं, आठवं आणि नववं, मैत्रीला दिली आहेत, आणि तो म्हणतो की खरे मित्र फार असूच शकत नाहीत, कारण मैत्रीला एकत्र घालवलेला वेळ लागतो. तर पाहा, संयोजकांनी सांगितलेला विषय थोडा तरी झाला.

मग व्यवहाराचं बोललो. बैठक दुपारच्या बसच्या आधी ठेवा, मधल्या सुट्टीत का होईना, वीस मिनिटं पुरतात. भाषण ठेवू नका, आमचंही नको. तुमच्या आयांचे बचत गट बघा. दहा-वीस बायका, ठरलेल्या दिवशी बैठक, हजेरी, हिशेब, आणि कोणाला काय अडचण आहे त्याची वहीत नोंद. व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवतात त्यातलं बरंच तुमच्या आईला येतं, तिलाच एकदा बोलवा. दर महिन्याला एक काम हातात घ्या. एसटीच्या आगारप्रमुखाला बसच्या वेळेसाठी अर्ज द्या, त्यावर चाळीस सह्या लागतील, आणि त्या निमित्ताने गेलेल्या मुलींशी पुन्हा बोलणं होईल. ऊसतोडीला गेलेल्या मुलीला फोटो काढून नोट्स पाठवा, ती आलीच तर परीक्षेला बसू शकेल. लग्न होऊन गेलेल्यांची नावं वहीतून खोडू नका. त्यातली एखादी माहेरी आली की चहाला बोलवा.

पहिली म्हणाली, "म्हणजे बंद नाही करायचं." तिने प्रश्न विचारला नव्हता, म्हणून आम्ही उत्तरही दिलं नाही. वहीवाली म्हणाली, की पहिल्या वर्षाच्या त्या दोघींपैकी एकीचं अक्षर चांगलं आहे, वही तिच्याकडे द्यायची का? आम्ही म्हटलं, आम्हाला काय विचारता.

बैठक दर गुरुवारी साडेअकराला असते. आम्हाला बोलावलेलं नाही. आता प्रश्न असतील तर घेऊ, आधी मागच्या रांगेतल्या मुलींचे.